कानशिलावरची शीर

"वयोमानाने होतं असं, आजी. गोळ्या लिहून दिल्यात," डॉक्टर म्हणाला आणि पुढच्या पेशंटसाठी त्याने घंटी वाजवली.

शिंपीणबाई जागची हलली नाही. एकाहत्तर वर्षांची किरकोळ अंगाची बाई, पण खुर्चीत बसली होती ती ठाण मांडून. शेजारी तिची थोरली बहीण, मांडीवर पांढरी काठी आडवी धरून.

"पंचावन्न वर्षं मी दोरा दातानं तोडतेय," शिंपीणबाई म्हणाली. "दर टाक्याला कात्री कोण शोधत बसणार? पण आठवडा झाला, चार दोरे तोडले की जबडा भरून येतो. डोकं इतकं दुखतं की कंगवा लावून घेववत नाही."

"मग दातांच्या डॉक्टरांना दाखवा."

"ताईला दाखवलं होतं ना. तीही माझ्याच शेजारच्या मशीनवर बसायची. एक दिवस कात्री घेऊन बसली, तर मीच तिला चिडवलं, म्हातारी झालीस म्हणून. दहाव्या दिवशी तिचा एक डोळा गेला. मग दुसरा. डोळ्यांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना सूज होती म्हणे. आधी यायला हवं होतं म्हणे." तिचा आवाज चढला. "आधीच आलो होतो आम्ही! याच खोलीत. तेव्हाही वयच झालं होतं."

डॉक्टरने घड्याळाकडे पाहिलं. "हे बघा, बहिणीला झालं म्हणून तुम्हाला होईलच असं नाही. रक्ताच्या नात्यात धोका थोडा वाढतो, इतकंच."

"होईलच असं कुठे म्हणतेय मी? बघा म्हणतेय."

दार ढकलून पुढचा पेशंट आत डोकावला. "जरा थांबा बाहेर," थोरलीने त्या दिशेला सुनावलं. मग हात लांब करून तिने धाकटीचं कानशील चाचपलं आणि तिची बोटं एका जागी थांबली.

"ही शीर. माझीही अशीच झाली होती, सुतळीसारखी. लावा हात डॉक्टर."

डॉक्टर वैतागूनच उठला. शिंपीणबाईने मान ताठ ठेवली. त्याने दोन बोटं टेकवली. मग दुसऱ्या बाजूला टेकवली. मग पुन्हा पहिल्या. त्याच्या चेहऱ्यावरचा वैताग हळूहळू उतरला. त्याने फोन उचलून मोठ्या डॉक्टरांना बोलावलं. रक्त आत्ताच घ्यायचं ठरलं, सूज उतरवायच्या गोळ्या आजच सुरू करायच्या, रिपोर्टसाठी थांबायचं नाही.

आधीचा केसपेपर बाजूला सारून त्याने नवा घेतला.

"घरात आणखी कुणाला हा आजार?" मान वर न करता त्याने विचारलं.

"ताईला. आणि खाली माझ्या मुलीचं नाव लिहा."

"त्यांना काय होतंय?"

"काही नाही. चव्वेचाळीसची आहे, ठणठणीत. पण पन्नाशीनंतर कधी ती डोकं धरून इथे आली, तर तिला वय सांगायचं नाही. आधी कानशिलाला हात लावायचा. तसं लिहा."

"अहो, केसपेपरवर असं कुणी लिहितं का?"

"लिहा. तोवर मी उठत नाही."

 डॉक्टरने पेन कागदावर टेकवलं.

"आणि मोठ्यानं वाचून दाखवा," थोरली म्हणाली. "मला दिसत नाही."