वाकून नमस्कार

धर्मेंद्र आपट्याची पानं घेऊन अंगणात आला आणि ओसरीवर खाटेच्या कडेला बसलेल्या कमलबाईंनी सख्ख्या दिराकडे पाहून तोंड फिरवलं. दसऱ्याच्या दिवशी!

"वहिनी, सोनं लई उनू."

"ठेव तठे," त्या भिंतीला म्हणाल्या.

गेल्या दसऱ्याला याच ओसरीवर त्याने त्यांच्या हातात पानं दिली होती, उभ्या उभ्या हात जोडले होते आणि तो निघून गेला होता. वाकला नव्हता. आई गेली तेव्हा हा एवढासा होता, कमलबाईंनीच त्याला कडेवर वाढवलं. ते सगळं त्या क्षणी पाण्यात गेल्यासारखं त्यांना वाटलं. त्यात शेजारच्या रूपचंदने फुकटचा चहा पिता पिता निकाल देऊन टाकला, "कॉलेजमा खुर्ची भेटनी ना, आते काय वाकस तो!"

लोणखेड्याच्या कॉलेजात धर्मेंद्र कारकून. खुर्ची होती प्लास्टिकचीच. पण रूपचंदचं बोलणं कमलबाईंच्या मनात रुतून बसलं आणि त्यांनी दिराचा फोनसुद्धा घेणं सोडलं.

आज तो पायरी चढून वर आला. मागून त्याची बायको रूपा हळूच म्हणाली, "जपीसन हां."

त्याने एक पाय पुढे टाकला, दुसऱ्या पायाचा गुडघा जमिनीला टेकवला, पाठ ताठ ठेवून सावकाश खाली बसला. मग कमलबाईंच्या पावलांना हात लावून ते कपाळाला लावले.

असला नमस्कार कमलबाईंनी जन्मात पाहिला नव्हता. रागात असूनही त्यांना विचारल्याशिवाय राहवेना.

"हाई काय रे? कोन शिकाडं तुले आसं?"

"शहादानी डॉक्टरीनबाई. कंबर धरायनी व्हती मन्ही, वहिनी. मागला दसराले माले वाकताच ये ना."

"मंग सांगाले काय व्हतं?"

"काय सांगू? तू दिवसभर वाकीसन कापूस येचस. आनि मी सांगू, खुर्चीवर बठी बठी मन्ही कंबर गयी?"

कमलबाईंच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. एका कंबरेपायी अख्खं वर्ष नासलं होतं, आणि दोघांनीही ते मुकाट्याने नासू दिलं होतं.

"येडा," त्या म्हणाल्या आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. मग आत स्वयंपाकघरात सून आहे याचा अंदाज घेऊन आवाज एकदम खाली आणला. "मन्ही बी दुखस रे."

झोपताना त्या गुपचूप मिठाची गरम पुरचुंडी कमरेला बांधायच्या. मुलाला, सुनेला कळलं तर शेत बंद होईल आणि आपल्याला कायमचं खाटेवर बसवतील, ही धास्तीही त्यांनी कुजबुजत त्याच्या कानावर घातली. खाटेवर बसवलं असतं तर त्या खरोखरच म्हाताऱ्या झाल्या असत्या.

"कोनी बसाडत नही तुले," धर्मेंद्र म्हणाला. "माले बी वाटे, पडी ऱ्हायनं का बरं व्हई. पडी ऱ्हायनू, ते कंबर आखो जास्त धरायनी." आता कॉलेजात तास बदलल्याची घंटा झाली की तो पोरांसारखा उठतो, व्हरांड्यात एक फेरी मारतो आणि मगच परत बसतो. साहेब आधी डोळे वटारायचे. हल्ली तेही कधीकधी फेरीला येतात.

"सोमवारे तुले डॉक्टरीनबाईले दखाडी लेऊ. तवलोंग एवढंच कर, सोसाई तेवढंच."

रूपाने ओसरीवर गोधडी अंथरली, कमलबाईंना उताणं निजवलं, साडी नीट खोचून दिली आणि शेजारी स्वतः आडवी होऊन दाखवू लागली. धर्मेंद्र पायरीवर बसून, अंगणाकडे तोंड करून, सूचना देत राहिला. एक गुडघा छातीशी. सोड. आता दुसरा. श्वास कोंडू नको. कापूस वेचताना ओळ संपली की सरळ उभी राहत जा. खालचं बोंड असेल तर गुडघ्यात बस.

"बोंडं मन्हापेक्षा तुलेच जास्त समजतस का?" गोधडीवरून कमलबाई म्हणाल्या. वर्षभरात पहिल्यांदा त्या त्याला चिडवत होत्या. धर्मेंद्र अंगणाकडे बघून एकटाच हसला.

तेवढ्यात रूपचंद पानं घेऊन आला आणि दारातच थबकला. "अरे बापरे! काय व्हयनं वहिनीले?"

"काही नही व्हयनं. थांब," धर्मेंद्र म्हणाला.

निजलेल्या माणसाच्या पाया पडत नाहीत, एवढं रूपचंदला कळत होतं. पानं धरून तो तसाच ताटकळत राहिला. कमलबाईंना घाई नव्हती.

झाल्यावर त्या रूपाने सांगितलं तशा कुशीवर वळल्या, हाताचा रेटा दिला आणि उठून बसल्या. सवयीने हात खाटेच्या माच्याकडे गेला, पण अर्ध्यातूनच मागे आला. एक पाय रोवून त्या सावकाश उभ्या राहिल्या. नेहमीचं "आई वं" तोंडातून निघालं नाही. ते त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

रूपचंद लगबगीने पुढे झाला. पुरुषमाणसं उरकतात तसा कमरेतून अर्धवट झुकला, हात गुडघ्यापर्यंत पोचले न पोचले तोच वर यायला निघाला.

कमलबाईंनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

"आसं नही, रूपचंद. मन्हा दीर वाकस ना, तसा वाक."