दहाच्या जागी अकरा

समोरच्या तुरेवाल्यांनी गवळणीची पहिली ओळ उचलली आणि विंगेत उभ्या ज्ञानेश्वरीच्या हातातला वडा हातातच राहिला.

चाल तिच्या बाबांची होती. शक्तीवाल्या महिपतबुवांची. पालीजवळच्या वाडीत आषाढापासून दार लावून बसवलेली, आणि आज रत्नागिरीच्या ह्या हॉलात, शक्ती आणि तुरा अशा दोन मंडळांच्या गाण्याच्या सामन्यात पहिल्यांदा बाहेर पडायची होती. सामन्याची रीतच तशी. नवी चाल रंगमंचावर येईस्तोवर परक्याच्या कानावर जाता कामा नये. तालमीच्या पहिल्या दिवशी सगळ्या मंडळानं देवळात नारळावर हात ठेवून तसं कबूल केलं होतं.

बुवांचा चेहरा खर्रकन उतरला. झांजवाला विनोद मात्र तडकला.

"चाल फोडलीन कोणीतरी!"

आणि सगळ्यांचे डोळे गेले धोंडूकडे. धोंडू मंडळाचा मृदंगवाला. त्याची बहीण तुरेवाल्यांच्याच गावात दिलेली. झालं! आणखी पुरावा कशाला हवा?

"गणपतीला बहिणीकडं गेला होतास ना?" विनोद म्हणाला.

"गेलू होतू. मग?"

"मग काय, पुढचा आमीच सांगू?"

धोंडूनं बुवांकडं पाहिलं. बुवा खाली बघत राहिले. तेवढं पुरलं त्याला. तो मृदंग घेऊन खाली बसला आणि मृदंगाच्या एका तोंडावर नुकतीच थापलेली ओली कणीक नखांनी खरवडायला लागला. कणकेशिवाय मृदंग घुमत नाही. आज मी वाजवणार नाही, हे त्यानं असं सांगितलं.

धोंडूकाकानंच फोडली असू दे रे देवा, ज्ञानेश्वरी मनात म्हणाली. माणूस भ्यायलं की किती हलकं होतं पाहा! ह्याच धोंडूकाकानं तिला लहानपणी खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती.

पण तिला भ्यायला कारण होतं. तालमीत ती कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसायची. कोड लिहून संगीत वाजवायचं नवं वेड लागलं होतं तिला. ओळ टाइप केली की वाजायला लागते, आणि वाजता वाजता आकडा बदलला की सूर बदलतो. सा म्हणजे शून्य, प म्हणजे सात, कोमल नी दहा, शुद्ध नी अकरा. बाबांची चाल आकड्यांत उतरवली तेव्हा कुठं तिला कळलं, ती काळजाला का भिडते. ओळ संपताना बाबा त्या दहावर हळूच टेकतात. एवढं कळल्यावर गप्प कोण बसतंय? गणपतीच्या सुट्टीआधी कॉलेजच्या कार्यक्रमात तिनं मागच्या पडद्यावर कोड दाखवत तीच चाल वाजवली. नारळावर हात ठेवायला तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलगी, ती कुठं मंडळात! घाईत दहाच्या जागी अकरा पडला. ती सुधारणार, तेवढ्यात पोरांनी शिट्ट्या मारल्या, मोबाइल वर धरून रेकॉर्डिंग केलं. मग तिनं अकरा तसाच राहू दिला.

तुरेवाला तीच ओळ घोळवत शेवटाला आला. दहावर नाही टेकला. अकरावर टेकला.

ज्ञानेश्वरी वडा खाली ठेवून बाबांसमोर गेली.

"बाबा, धोंडूकाकानं नाय केलंन. मी केलं." आणि मग कॉलेज, पडदा, मोबाइल, सगळं तिनं एका दमात सांगून टाकलं.

विनोदनं मान फिरवली.

"तू नारळावर हात कुठं ठेवलावतास," बुवा म्हणाले. "तुला विचारायचा राहिला. माजीच चूक ती."

त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं, असं झालं तिला.

"धोंडू, चल रे. लाव कणीक."

धोंडू उठला नाही. "पोरीला विचारायचा राहिला म्हणता, बुवा. मला तरी कुठं विचारलंत?"

बुवा उकिडवे बसले. खरवडलेले तुकडे त्यांनी स्वतः गोळा केले, पाण्याचा हात लावून मळले आणि मृदंगावर थापले. मंडळाच्या बुवानं असं करायचं नसतं. धोंडूनं ते करू दिलं, आणि मग कुणाकडं न बघता मृदंग गळ्यात अडकवला.

माइकवर शक्तीवाल्यांचा पुकारा झाला.

"गवळण कुठली घ्यायची?" विनोदनं विचारलं. दुसरी बसवलेलीच नव्हती.

"हीच," बुवा म्हणाले. "माजी हाय."

ज्ञानेश्वरी खाली उतरली आणि प्रेक्षकांत मागच्या रांगेत जाऊन बसली. विंगेत उभं राहायचं तोंड तिला उरलं नव्हतं.

बुवांनी ओळ उचलली. शेवटाला आले आणि आपल्या दहावर टेकले, रोजच्यापेक्षा अंमळ जास्तच. धोंडूची थाप बरोबर तिथंच पडली. असं सुरेख तालमीतसुद्धा कधी जमलं नव्हतं.

हॉलात खसखस पिकली.

"चाल चोरलीन ती चोरलीन, वर सूर पण चुकवलान!" शेजारचा म्हातारा मांडीवर थाप मारून हसला.

"आजोबा," ज्ञानेश्वरी त्याच्याकडं वळली, "खरी चाल हीच हाय."

म्हाताऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. डोळे भरलेले दिसले असावेत, कारण तो हसायचा थांबला आणि समजुतीनं म्हणाला, "असंल गो बाय. पण लोकांच्या कानावर पयली पडली, ती खरी."