राणी परत येते

कॅरमच्या पावडरचा डबा. ‘दुरुस्तीचा पॅच लवकरच येत आहे’ हे वाक्य, एकमेकांना एकेचाळीस वेळा सांगितलेलं. गोंदियाहून बार्शीत पोचलेली एक टाळी.

बार्शीत शालनताईंनी ऑनलाइन कॅरमचे हातमोजे चढवले. सातशे किलोमीटरवरून खंडातेंनी मारलेल्या स्ट्रायकरचा धक्का त्यांच्या बोटांना जाणवला. राणी भोकात गेली, मागोमाग कव्हरही गेलं आणि यंत्रातल्या बिघाडामुळे ती रोजच्यासारखी परत येऊन मध्यावर बसली.

“आली माहेरवाशीण!” खंडाते म्हणाले. “ताई, कंपनीला आज खडसावलंत की नाही?”

“सकाळीच. उत्तर तेच, लवकरच.”

“निर्लज्ज लेकाचे! मलाही तेच लिहितात. दीड महिना एक डाव संपू नये?”

“तर काय! तोंडं लपवून बसलेत मेले.”

डाव संपला की यंत्र दोघांनाही नवा भिडू देणार, हा खेळाचा नियम होता. त्याबद्दल दोघं कधी बोलले नव्हते.

“मग उद्या चारला?” खंडातेंनी टाळीसाठी हात पुढे केला. शालनताईंच्या तळव्याला ऊब लागली.

“येते. आणि उद्या चांगलं कडक लिहिते त्यांना.”

तीन आठवड्यांपूर्वीच दोघांच्याही हातमोज्यांवर पॅच येऊन थांबला होता. ‘बसवायचा का?’ या प्रश्नापुढचं ‘हो’ दोघांनीही दाबलं नव्हतं.