कुलूप अडकलं

अर्धी किल्ली कुलपात आणि अर्धी ब्रँडगुरूंच्या हातात राहिली, तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. लॅपटॉप दाराच्या आत होता. अकरा वाजता याच ऑफिसात गाद्यांची कंपनी यायची होती. गुरू पटले, तर वर्षभराचं काम.

गुरूंचा धंदा म्हणजे दुसऱ्यांच्या धंद्याला खास आवाज मिळवून देणं. म्हणजे साबणवाल्याला साबण हा शब्द तोंडातून काढू न देणं. एका दंतवैद्याला त्यांनी 'हास्याचा सहप्रवासी' करून टाकलं होतं. तेव्हापासून त्याच्याकडे दात दुखतोय म्हणून कोणी फिरकलं नाही.

सख्ख्या बहिणीलाही त्यांनी सोडलं नव्हतं. ताई किल्ल्या करून द्यायची. गुरूंनी तिच्या दुकानावर पाटी चढवली: 'प्रत्येक दारामागे एक नवी सुरुवात.' सहा महिने लोक भाड्याच्या खोल्या विचारत आले, लग्नं जमवायला आले. एक गृहस्थ तर दारू सोडवायला आला. किल्लीसाठी कोणी आलं नाही. शेवटी ताईने पाटी उतरवली आणि उलटी टाकून तिच्यावर कानस चालवायला घेतली. "तू ब्रँडचा खून केलास," असं म्हणून गुरूंनी अबोला धरला, त्याला दोन वर्षं झाली होती.

लिफ्टशेजारी कुलूपवाल्यांचे स्टिकर होते. 'विश्वासाचे नाते, सुरक्षेचे वचन.' त्याच्या खाली, 'आपल्या प्रवेशाचे साथीदार.' हा खुद्द गुरूंनीच लिहिलेला. त्यांनी तो कौतुकाने वाचला आणि पुढे सरकले. कोपऱ्यात वहीचा कागद चिकटवलेला होता. त्यावर स्केचपेनने लिहिलं होतं: 'कुलूप अडकलं? येते.' आणि नंबर.

गुरूंनी भराभरा आकडे दाबले. दहावा दाबताच पडद्यावर नाव उमटलं. ताई.

स्वाभिमानाने त्यांना दोन मिनिटं थोपवून धरलं. मग घड्याळाने स्वाभिमानाला बाजूला सारलं.

ताई वीस मिनिटांत आली. दारासमोर गुडघ्यावर बसली. चिमट्याने तुकडा ओढला, दुसरं काहीतरी आत घालून फिरवलं. दार उघडलं.

"एवढे देखणे स्टिकर सोडून माझ्याच कागदावर कसं रे बोट गेलं?"

"घाईत होतो, ताई."

"माझ्याकडे येणारा प्रत्येक जण घाईतच असतो, शहाण्या."

गुरू लिफ्टशेजारच्या कागदाकडे बघत राहिले. असा चेहरा त्यांनी लहानपणी चोरी पकडली गेल्यावरच केला होता. ताईला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. तिने हत्यारं नको तितक्या सावकाश पिशवीत भरली.

"निघू मग?"

"हो, निघ. माणसं यायचीत."

लिफ्ट खाली गेल्यावर गुरूंनी तो कागद नखाने हळूच सोडवला, जराही फाटू न देता.

अकरा वाजता गादीवाल्या साहेबांनी विचारलं, "तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं काम कुठलं?"

गुरूंनी कागद टेबलावर ठेवला. साहेबांनी वाचला. पुन्हा वाचला. मान डोलावली.

"तीनच शब्द आहेत," गुरू नम्रपणे म्हणाले, "पण इथवर यायला आम्हाला दोन वर्षं लागली."