थोरलीचं नाव

पडद्याच्या कोपऱ्यात नाव पुन्हा उजळलं: नमिता, रोहा. आत येऊ का, म्हणून विचारत होतं.

मांडवाच्या कडेला लॅपटॉपवरून हळदीचा कार्यक्रम थेट दाखवत बसलेल्या मृणालीनं महिपतीकडे पाहिलं. नवरीचा हा चुलता मघापासून तिच्या खुर्चीमागून हलला नव्हता. नाव पहिल्यांदा दिसलं तेव्हाच त्यानं बजावलं होतं, की थोरलीनं, नवरीच्या बहिणीनं, परजातीत लगीन केलं त्या दिवशीच ती या घराला मेली. आता तो नुसता मानेनंच नाय म्हणाला. मृणालीनं पुन्हा नकार दाबला.

काम तिचं चोख होतं. वडखळच्या खाडीकाठी रेंजचा भरवसा नाही, म्हणून तिनं दोन कंपन्यांची सिमं जोडली होती. एक रुसलं की दुसरं धावायचं. चित्र क्लाउडवर चढत होतं आणि तिथून थेट कुवेतच्या मामापर्यंत पोचत होतं, कुठं न अडखळता. नवरीच्या गालावरची हळद तिथंही तेवढीच पिवळी. घरानं हो म्हटल्याशिवाय चिटपाखरू आत शिरणार नव्हतं. याच विश्वासावर पेणपासून रोह्यापर्यंत लोक तिला बोलवायचे.

लग्नाचे धवले गाणाऱ्या धवलारीण गोदूबाईनं सूर लावला. धवल्यात घरच्यांची नावं ओवता ओवता ती अचानक कॅमेऱ्याकडे वळली.

‘मांडवाचे दारी गो कोन उभी करवली,
रोह्याची नमिता, थोरली लेक आयली.’

महिपती पाय आपटत निघून गेला. मृणालीचा हात झटकन माउसवर गेला. पण आता बाहेर कुणीच थांबलेलं नव्हतं.

पंगत बसली तेव्हा नवरीचा बाप हिरामण टॉवेलनं तोंड पुसत मृणालीजवळ आला. आवाज अगदी खाली.

‘थोरलीनं ऐकलं ना गो? लिंक मीच धाडली तिला. नाव घ्यायला गोदूबायला मीच सांगितलं. भावकीसमोर माझं तोंड उघडत नाय.’

मृणालीनं घडलं ते सांगितलं. हिरामणनं टॉवेल खांद्यावर टाकला. म्हणाला, ‘रेकॉर्डिंग धाड तिला. आन् सांग, चुलत्यानं अडवलं, बापानं नाय.’

मृणालीला मान वर करवेना.

‘काका, कार्यक्रम तुमच्या नावावर उघडलाय. आतून नाय म्हटलं की तिकडं निरोप आपोआप जातो,’ ती म्हणाली. ‘दरवेळी तिला तेच दिसलं असंल: हिरामण म्हात्रे यांनी परवानगी नाकारली.’