तिजोरीतल्या मुंग्या

"हात बधिर होणारे आणखी रुग्ण?" डॉ. शर्वरी तांब्यांनी पुन्हा विचारलं.

"कोणी नाही," तिजोरी म्हणाली.

सगळ्या रुग्णालयांच्या नोंदी या संगणकी तिजोरीत कुलूपबंद असत. त्या माणसाला दिसत नसत. प्रश्न विचारला की तिजोरीच आत शोधून उत्तर देई. आज रुग्ण सापडले नाहीत, तर या आजारावरचं संशोधन बंद होणार होतं, आणि शर्वरींच्या धाकट्या भावाचे, निनादचे, हात दिवसेंदिवस निकामी होत चालले होते.

"मॅडम, गंमत बघा," शेजारी बसलेले सहकारी मुजावर हसले. "तिजोरीनं कीटकदंशाच्या नोंदींचा वेगळा ढीग केलाय. साताऱ्याकडे म्हणे लोकांच्या हातांना बारा महिने मुंग्या येतात!"

शर्वरीही हसल्या आणि एकदम थबकल्या.

"अहो, त्या चावणाऱ्या मुंग्या नव्हेत!"

त्यांनी तिजोरीला मुंग्या येणं म्हणजे काय ते समजावलं. क्षणभरात उत्तर आलं. त्यांनी लगेच निनादला फोन लावला.

"सापडले रे! पुष्कळ आहेत. काम चालू राहणार."

"कोण आहेत, ताई?"

"ते मलाही कळणार नाही. त्यांचे डॉक्टरच त्यांना या संशोधनाबद्दल सांगतील."



"मग त्यांना कळेल ना, मीपण आहे म्हणून?"