चौथं शिंग

“कोणी कापलं हे?”

झूराकानने हातातला खडू जमिनीवर आपटला. संस्कृती भवनाच्या दालनात गुडघे मोडून बसलेल्या पंधरा-सोळा बायका-मुलींचे हात जागच्या जागी थांबले. मधोमध लोकरीचे दोन जाड नमदे एकावर एक पसरले होते, वर लाल आणि खाली काळा. मेंढ्याच्या शिंगांची नक्षी झूराकानने स्वतः आखून दिली होती, चार कोपऱ्यांना चार शिंगं. तीन शिंगं रेघेबरहुकूम आत वळली होती. चौथं रेघ सोडून भलतीकडेच, बाहेर वळलं होतं.

“मी कापलं,” बेगिमाय म्हणाली. मान खाली घालायचीसुद्धा तिला गरज वाटली नाही.

झूराकानच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिरदाकाचा गालिचा म्हणजे काय पोरखेळ आहे? दोन्ही नमदे एकाच सुरीने, एकाच वेळी कापायचे. मग लाल शिंगं काळ्यात बसवायची, काळी लालात, आणि एका कापातून दोन शिरदाक उभे करायचे. त्यामुळे सुरी चुकली की दोन्ही शिरदाक चुकतात. आणि हे नमदे काही आभाळातून पडलेले नव्हते. तीन आठवडे लोकर झोडून, उकळतं पाणी ओतून, लाटून लाटून म्हाताऱ्यांच्या कोपरांचे तुकडे पडले होते.

“मी आखलेली रेघ दिसली नाही तुला? का खाणीतल्या अंधारात डोळे गेले?”

शेगडीजवळ बसलेल्या गावच्या बायका फिदीफिदी हसल्या. खिडकीजवळ बसलेल्या खाणीवरच्या मुलींनी माना खाली घातल्या. डोंगरावरची खाण बंद पडल्यावर ती माणसं खाली येऊन गावाबाहेर वसली, त्याला अकरा वर्षं झाली. तरी गाव अजून त्यांना खाणवालेच म्हणे. म्हणून तर दोघांना एकत्र बसवायला बिश्केकहून संस्थेची एल्नुरा आली होती. गावच्या म्हाताऱ्या शिकवतील, वसाहतीतल्या पोरी शिकतील. एक शिरदाक गावच्या भवनात लागेल, दुसरा वसाहतीच्या शाळेत. झूराकानने आधी नाक मुरडलं होतं. पण तिने नाही म्हटलं असतं तर पलीकडच्या गावच्या बाईला बोलावलं असतं, आणि त्या बाईला धड सुई धरता येत नाही.

खरी आग वेगळीच होती, आणि ती सगळ्या दालनाला ठाऊक होती. ही पोरगी अनारबूची नात. अनारबू म्हणजे झूराकानची थोरली बहीण, खाणीतल्या माणसाशी लग्न करून वर निघून गेलेली. झूराकानच्या घरी आईच्या हातचा शिरदाक आहे, त्यात एक शिंग असंच बाहेर वळलेलं आहे. पाहुण्याने विचारलं की झूराकान चहा ओतता ओतता सांगे, “आमच्या अनारबूचा प्रताप! आईने लोकर झोडायच्या काठीने असं बडवलं होतं तिला, की आठवडाभर पाठ टेकता आली नाही.” त्याचा जुळा शिरदाक अनारबू वर घेऊन गेली होती.

आणि आता तिची नात भर सभेत तेच शिंग कापून बसली होती. मुद्दाम.

“आजीने हेच शिकवलं वाटतं? नासधूस करायची आणि वर तोंड करून बघायचं!”

“माझ्या आजीचं नाव घेऊ नका, आपा.” बेगिमाय उठून उभी राहिली. “ती गेली तेव्हा आमच्या अंगणात शोकाचा तंबू उभा होता. लांबलांबून माणसं रडत आली. तुम्ही एवढ्याशा अंतरावरून आला नाहीत. तुमच्यासाठी चाळीस दिवस आम्ही दार लावलं नाही.”

आता शेगडीजवळही कोणी हसलं नाही. सख्खी बहीण मेल्यावर रडायला न जाणं म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला कळत होतं.

“निघ इथून!” झूराकान ओरडली. “एल्नुरा, ही पोरगी उद्यापासून इथे दिसली तर मी येणार नाही. ही तरी राहील, नाहीतर मी तरी!”

एल्नुराचा चेहरा पडला. उस्ताद रुसली तर सगळंच मुसळ केरात. ती कात्री घेऊन घाईघाईने नमद्याशी वाकली. “आपा, शांत व्हा. ते वाकडं टोक छाटते, नवीन तुकडा जोडू. कोणाला कळणारसुद्धा नाही. बेगिमाय, तू तूर्त घरी जा, बाळ.”

बेगिमायने शाल उचलली. दारापर्यंत गेली आणि तिथून वळली.

“आजीने जन्मात जेवढे शिरदाक केले, त्या प्रत्येकात एक शिंग असंच वळवलं. मी एकदा सरळ कापलं, तर माझ्या हातातली सुरीच काढून घेतली तिने. म्हणाली, हे सरळ करू नकोस कधी. सरळ केलंस, तर माझी धाकटी बहीण हे घर ओळखणार कशी?”

शेगडीवर किटली खदखदत होती. एल्नुराने कात्री उघडून लाल टोकावर टेकवली.

झूराकानने झेप घेऊन तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की कात्री गळून पडली. म्हातारीचे डोळे लाल झाले होते, आणि आवाज अजूनही रागाचाच होता, फक्त तो आता कोणावर होता ते कळत नव्हतं.

“खबरदार हात लावशील तर! तेव्हा सुरी माझ्या हातात होती, मार तिने खाल्ला. शिंग माझं आहे.”